थॉर्नडाइक राइसवर लिहायचंय? आधी तो कुठे हरला ते शोधा

वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी गेल्या वर्षी मी अ‍ॅलन थॉर्नडाइक राइस या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन संपादकावर दोन पानं लिहिली आणि तिसऱ्याच ओळीत आपटले. "रशियात अमेरिकेचे राजदूत म्हणून काम पाहिले" असं ठोकून दिलं होतं. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी 1889 मध्ये त्याची नेमणूक केली, एवढंच खरं. निघायच्या आधीच, 16 मे रोजी, तो वारला. आयुष्यभर मुद्रितं तपासूनही 'नेमणूक झाली' आणि 'काम केलं' यांतला फरक माझ्या नजरेतून निसटला. तुमच्या निसटू नये म्हणून हे.

वय काढताना महिना बघा. त्याचा जन्म 18 जून 1851, बॉस्टनचा. नुसती वजाबाकी केली तर 38 येतात. पण जून उजाडलाच नव्हता, तेव्हा 37.

'गर्भश्रीमंत' लिहून पुढे सरकू नका, पैसा कुठे गेला ते सांगा. ऑक्सफर्डहून शिकून आलेल्या या पोराने 1876 मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' विकत घेतलं. 1815 पासूनचं बॉस्टनचं हे भारदस्त नियतकालिक त्याने 1878 मध्ये न्यूयॉर्कला हलवलं आणि पुढच्या वर्षी मासिक केलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन अवशेषांच्या शोधासाठी फ्रेंच संशोधक देझिरे शार्नेची मोहीमही त्याने उभी केली. मात्र तिथे तंबाखूवाल्या पिएर लोरिलार्डचा पैसा होता. सगळं श्रेय राइसला देऊ नका.

संपादक कसा होता, हे विशेषणांनी कळत नाही. जुने अंक जालावर आहेत, त्यांच्या अनुक्रमणिका चाळा. 1881 मध्ये अज्ञेयवादी वक्ता रॉबर्ट इंगरसॉल आणि धर्माची बाजू घेणारा वकील जेरेमाया ब्लॅक धर्मावरून भिडलेले दिसतील. 1888 मध्ये तर इंगरसॉलला उत्तर द्यायला खुद्द ब्रिटनचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन उतरले! कुस्ती लावून देणारा गडी होता हा.

1879 मधली 'एका सार्वजनिक माणसाची रोजनिशी' जपून वापरा. ती राइसच्या मासिकात निनावी छापली गेली आणि लेखक कोण यावर वाद आहे. लिंकनबद्दलचा त्यातला किस्सा घ्यायचाच असेल, तर "त्या रोजनिशीत असं आहे" इतकंच म्हणा.

आता खरा मजकूर. 1886 मध्ये राइस न्यूयॉर्कमधून रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभा राहिला आणि पडला. आपल्याच पक्षातल्यांनी दगा दिला, असं त्याचं म्हणणं. इथे मराठी वाचकासाठी दोन वाक्यं जास्त खर्च करा. तेव्हा तिथे सरकारी मतपत्रिका नव्हती. प्रत्येक पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून मतदान केंद्राच्या दारात वाटायचा. कोण कुठली चिठ्ठी टाकतो ते सगळ्यांना दिसायचं. मत विकत घेणाऱ्याला माल मिळाल्याची खात्री पटायची. शिवाय कार्यकर्त्यांनी ठरवलं, तर एखाद्या उमेदवाराची चिठ्ठी मतदाराच्या हाती पडायचीच नाही. हरल्यावर राइस ऑस्ट्रेलियन पद्धतीचा प्रचारक झाला: सरकारने छापलेली, सगळ्यांची नावं असलेली एकच पत्रिका, आडोशाला जाऊन भरायची. मॅसॅच्युसेट्सने 1888 मध्ये तसा कायदाही केला.

दुसरा खर्डा मी या चिठ्ठ्यांपासूनच सुरू केला. रशिया शेवटच्या वाक्यात गेला.