मॉडेल बॉयलरसाठी तांबंच घ्या, पितळ नको
छोट्या वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरला पितळेची नळी वापरायचा मोह होतो, कारण ती दिसायला सुरेख आणि लेथवर झटपट कापली जाते. पण गरम पाणी आणि वाफ पितळेतलं जस्त हळूहळू खाऊन टाकतात. मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. बाहेरून ते धडधाकट दिसतं, हाच खरा धोका. म्हणून नळी आणि दोन्ही टोकांच्या चकत्या तांब्याच्या घ्या, आणि व्हॉल्व्ह बसवायचे आटे असलेले बुशही (छोटी नळकांडी) गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचे, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूंचे. इथे पितळेचे बुश वापरायची चूक फार होते.

सांधे चांदीच्या झाळाचेच हवेत, कॅडमियमविरहित. ५५ टक्के चांदीचा झाळ ६३०–६६० अंश सेल्सिअसला वितळतो. कथिल-शिशाचा झाळ १८३ अंशांपासूनच मऊ पडतो. ४ बार दाबाची वाफ १५२ अंशांवर असते, म्हणजे फरक फार थोडा, त्यामुळे पाणी कमी होऊन धातू जास्त तापला की सांधा सुटलाच म्हणून समजा.

झाळताना तांबं मऊ पडतं, तेव्हा पत्र्याची जाडी मऊ तांब्याच्या ताकदीवरूनच ठरवा. सपाट चकत्या फुगतात, त्यांना आतून आधाराचे दांडे द्या. पहिली चाचणी वाफेची नाही, तर हवा पूर्ण काढून थंड पाण्याची, कामाच्या दुप्पट दाबाला.