जेपीए शिकताना करार कुठे संपतो ते बघा

पर्वरीत आम्ही हॉटेलांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. फोंडा, म्हापसा, डिचोलीकडची नवी मुलं मुलाखतीला येतात. ‘जेपीए येतं का?’ विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, ‘हो, हायबरनेट येतं.’ अगदीच चूक नाही म्हणा. पण नोकरीत पुढे जे अडतं, ते नेमकं या दोहोंच्या मधल्या फटीत.

जेपीए, म्हणजे जावा पर्सिस्टन्स एपीआय, हा कागदावरचा करार. जावाच्या क्लासची डेटाबेसच्या टेबलाशी सांगड कशी घालायची, ॲनोटेशन (कोडमध्ये लावायच्या खुणा) कुठली, मेथड कुठल्या, एवढं तो ठरवतो. राबतात हायबरनेट, एक्लिप्सलिंक यांसारख्या लायब्रऱ्या.

करार होण्याआधी चांगलाच गोंधळ होता. अधिकृत प्रमाण होतं ईजेबीचे (जावाच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामांसाठीच्या प्रमाणाचे) एंटिटी बीन: एका टेबलापायी ढीगभर इंटरफेस आणि एक्सएमएल, साधी टेस्ट चालवायची तरी सर्व्हर उभा करा. कंटाळून गॅव्हिन किंगने 2001 मध्ये हायबरनेट सुरू केलं. त्याच कामाचं टॉपलिंक त्याहून जुनं, स्मॉलटॉक या भाषेच्या काळातलं. 2002 मध्ये याच कामासाठी जेडीओ नावाचं आणखी एक प्रमाण मंजूर झालं. म्हणजे प्रमाणं दोन, आणि लोक वापरणार तिसरंच! शेवटी या सगळ्या बाजूंची माणसं लिंडा डीमिशेल यांच्या तज्ज्ञगटात एकत्र बसली आणि मे 2006 मध्ये ईजेबी 3.0 चा भाग म्हणून जेपीए 1.0 आलं. ते रुजलं, कारण लोकांच्या हातात आधीच चालत असलेलं त्यांनी लिहून काढलं, असं माझं मत. जेडीओवाल्या सगळ्यांना ते पटलं नाही, त्यांचं 2.0 त्याच वर्षी वेगळं निघालं.

एवढ्या जणांचं जमवायचं तर काही शब्द सैल ठेवावेच लागतात. ‘ईगर’ म्हणजे संबंधित माहिती लगेच आणायची, हे लायब्ररीवर बंधन आहे. ‘लेझी’ म्हणजे गरज पडेल तेव्हा, ही मात्र नुसती सूचना. लायब्ररीने मानली तर मानली. त्यात मेनी-टू-वन नातं, म्हणजे अनेक नोंदींचं एका नोंदीशी असलेलं, मुळात ईगर धरलेलं. हायबरनेट 3 च्या स्वतःच्या एक्सएमएल मॅपिंगमध्ये बरोबर उलटं होतं.

आमच्याकडे डिसेंबरच्या सीझनमध्ये एका दिवसाची बुकिंग यादी उघडायला फार वेळ लागत होता. नव्याने लागलेल्या मुलीला म्हटलं, ‘एसक्यूएलचा लॉग चालू कर गो, आणि वाच.’ थोड्या वेळाने तिचा प्रश्न, ‘सर, मी एकच क्वेरी लिहिलीय. मग इथे पंचावन्न कशा?’ बुकिंगची एक आणि चोपन्न पाहुण्यांची प्रत्येकी एक. बुकिंगमधलं पाहुण्याचं नातं मेनी-टू-वन, त्यावर कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ईगर. तिने ते लेझी केलं आणि क्वेरीत ‘जॉइन फेच’ घातलं, म्हणजे पाहुणेही त्याच क्वेरीत येतात. पंचावन्नची एक झाली. नवख्यांनी पहिल्या आठवड्यापासून हा लॉग चालू ठेवावा. ट्यूटोरियलमध्ये दिसत नाही ते तिथे उघडं पडतं.

पायथनकडे जाणाऱ्यांना ही भानगड नाही. तिथे एकमत झालं ते डेटाबेसशी बोलण्याच्या खालच्या पातळीवर, पेप 249 या पायथनच्या प्रमाण-दस्तऐवजामध्ये. त्याच्या वर क्लास-टेबलाची सांगड घालायची पद्धत मात्र ज्या त्या लायब्ररीची: जँगोचं जँगोकडे, एसक्यूएल-अल्केमीचं तिच्याकडे. एक सोडून दुसरं घ्यायचं तर मॉडेल नव्याने लिहायची.

जुनी उत्तरं कॉपी करताना इम्पोर्टची ओळ बघा. 2020 च्या 3.0 आवृत्तीपासून पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होतं, आणि स्प्रिंग बूट 3 ला (जावाच्या लोकप्रिय फ्रेमवर्कला) जकार्ताच लागतं. बाकी कोड तोच असूनही मुलं यात अख्खी दुपार घालवतात.

सरावासाठी कॉलेजचा प्रोजेक्ट घ्या, हायबरनेट काढून एक्लिप्सलिंक लावा. ज्या ओळी कंपाइल होणार नाहीत त्या कराराबाहेरच्या. कंपाइल होऊनही वेगळं वागेल ते जास्त लक्ष देऊन बघा, आणि सुरुवात आयडीपासून करा. तिथे ‘ऑटो’ लिहिलं असेल तर आयडी कसा तयार करायचा ते लायब्ररी स्वतः ठरवते. मायएसक्यूएलवरचा हा निर्णय खुद्द हायबरनेटनेच 4 वरून 5 वर जाताना बदलला होता.