गिळणे आणि श्वास टिपणारी छोटी यंत्रे : या चुका टाळा

पक्षाघातानंतर गिळण्याचा त्रास उरलेल्या रुग्णांसाठी गळ्यावर चिकटवायचा सेन्सर, नाकाशी लावायची श्वास टिपणारी नळी आणि बोटाचा ऑक्सिमीटर ही साधने मी रोज वापरते, आणि त्यांच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवणारी माणसेही मला रोज भेटतात.

सर्वांत महागात पडते ते ऑक्सिमीटरचा आकडा पाहून घास भरवणे. एका आजोबांचा मुलगा, आकडा ९७च्या खाली येत नाही म्हणून, निर्धास्तपणे त्यांना पातळ वरण पाजत राहिला. ठसका एकदाही लागला नव्हता. मात्र दोन-तीन घोटांनंतर त्यांचा आवाज ओला, घुरघुरता होत होता, तो कोणी ऐकलाच नाही. चौथ्या दिवशी ताप चढला आणि उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. अन्न श्वासनलिकेत उतरले म्हणून रक्तातला ऑक्सिजन लगेच घसरतोच असे नाही, आणि घशाची संवेदना मंदावली असेल तर ठसकाही लागत नाही. म्हणून मी दर तीन घोटांनंतर रुग्णाला लांब 'आ' म्हणायला लावते आणि शंका आली की सरळ व्हिडिओफ्लुरोस्कोपीसाठी (गिळतानाच्या चालत्या एक्स-रे तपासणीसाठी) किंवा नाकातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीसाठी पाठवते.

दुसरी चूक गळ्यावरच्या सेन्सरची. एका उमेदवार थेरपिस्टने मोठ्या उत्साहाने मला दाखवले, की रुग्णाने दहा मिनिटांत ४० वेळा गिळले. प्रत्यक्षात आजोबा पुटपुटत रामनाम घेत होते, आणि स्वरयंत्र बोलतानाही हलते. पट्टी कंठमण्यापाशी लावली, की मी आधी तीन कोरडे आवंढे गिळायला सांगते, मग नाव सांगायला, मग मान वळवायला. तिन्हींचे आलेख वेगळे ओळखू आले तरच वाटी पुढे करते. ही दोन मिनिटे वाचवणारे पुढे तासभर आलेखाकडे पाहत बसतात.

नाकाच्या नळीची रेषा सपाट झाली म्हणून घाबरून जाऊ नये. रुग्ण तोंडाने श्वास घेत असेल, तेव्हा आधी छातीकडे पाहावे. गिळताना श्वास क्षणभर थांबतोच, आणि निरोगी माणसात त्यानंतर बहुधा उच्छ्वास सुरू होतो. गिळल्यावर वरचेवर श्वास आत ओढला जात असेल, तर घशात उरलेले अन्न त्याबरोबर खाली जाण्याची भीती असते. ही नळी खरी उपयोगी पडते ती हा क्रम पाहण्यासाठी.

गार बोटे आणि नेलपॉलिश यांमुळे ऑक्सिमीटर चुकतो. दाढीवर पट्टी टिकत नाही.

शेवटची चूक पेयाच्या दाटपणाची. काल पेज पातळ आणि आज घट्ट असेल, तर दोन दिवसांच्या नोंदींची तुलना कसली करणार? मी १० मिलिलिटरची सिरिंज भरून १० सेकंद वाहू देते. ४ ते ८ मिलिलिटर उरले, तर ती इड्सीच्या (IDDSI, अन्नपेयांचा दाटपणा ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीच्या) मापात दुसरी पातळी होते, आणि हा आकडा मी आलेखाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवते.