एकाच कुंडीत तीन-चार झाडं लावायची असतील तर

नर्सरीत गेलं की आपण फुलं बघून झाडं उचलतो आणि घरी आणून एकत्र लावून टाकतो, मीपण तेच केलेलं, कोरफड, पुदिना आणि तुळस एकाच कुंडीत. पुदिन्याला रोज पाणी लागतं म्हणून घालत राहिले, दोन महिन्यांत कोरफड बुडातून सडली आणि पुदिन्याने तुळशीभोवती असं जाळं केलं की ती वाढेचना. तेव्हापासून एकच बघते, पाणी आणि ऊन कुणाकुणाचं जुळतं. रंग वगैरे त्यानंतर.

कडक उन्हाच्या बाल्कनीत मधे मिरची, बाजूला झेंडू आणि कडेने ऑफिस टाईमचं (पोर्टुलाका) फुलझाड सोडा, खाली लोंबतं मस्त. फक्त ऑफिस टाईम अगदी काठाला लावा, त्याला पाणी कमीच लागतं आणि काठाची माती लवकर सुकते. ऊन थेट येत नसेल तर अ‍ॅग्लोनेमा, सिंगोनियम आणि लोंबायला मनी प्लांट. कोरफड, स्नेक प्लांट, जेड हे तिघं वेगळ्या कुंडीत, आणि पावसाळ्यात ती कुंडी छताखाली घ्यायचीच.

कुंडी निदान १४ इंची घ्या, त्यात तीन, फार तर चार झाडं. सुरुवातीला मोकळं मोकळं वाटतं पण भरतं हो. बुडाला भोकं आहेत ना बघा आणि त्यावर खापराचे तुकडे पालथे ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही. मिश्रण म्हणजे दोन भाग माती, एक भाग शेणखत नाहीतर गांडूळखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, ताजं घातलं तर मुळं जळतात. कोरफडवाल्या कुंडीत कोकोपीटऐवजी जाड वाळू.

लावायच्या आधी झाडं पिशवीसकट कुंडीत ठेवून बघा, कुंडी भिंतीला टेकून असेल तर उंच झाड मागे, चारी बाजूंनी दिसणार असेल तर मधोमध. पिशव्यांना तासभर आधी पाणी घाला म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. खोड पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवायचं, वर एक-दीड इंच रिकामं सोडायचं. संध्याकाळी लावा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती, कुंडीत कुंडी. शेवंती, पिटुनिया अशी सीझनची झाडं त्यांच्या छोट्या कुंडीसकट मोठीत पुरायची, बहर संपला की ती उचलून दुसरी ठेवायची, बाकीच्यांच्या मुळांना धक्काच नाही. पुदिना इतरांबरोबर हवाच असेल तर तोही असाच, काठ मातीच्या इंचभर वर ठेवून, आणि बाहेर पळणारे दांडे दर आठवड्याला कापायचे.

पाणी बोट खुपसून बघून घाला, वरची माती सुकली असेल तरच. खालच्यांच्या बाल्कनीत पाणी पडू नये म्हणून ताटली ठेवाल, ती रोज रिकामी करा, डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात होतात. पानं उलटी करूनही बघत जा, झाडं दाटीने असल्यामुळे पिठ्या ढेकूण (पांढरी कापसासारखी कीड) एकावरून दुसऱ्यावर पटकन जातो. दिसला की लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून ऊन उतरल्यावर फवारा, आठवड्याने परत एकदा.