पावसाळ्यात फ्लोअरखाली एसीचे पाइप गळायचे, त्यावर केलेला उपाय

तारकर्लीला आमची खांबांवर उचललेली लाकडी खोली आहे, एसीचे तांब्याचे पाइप खालून जातात. जुलैत वाकून बघितलं तर पाइपवरचा फोम दाबला की पाणी, आणि वर प्लायला काळी बुरशी. मेकॅनिक म्हणे गॅस लीक असेल, पण गॅसचा काय संबंध, हवा २८ डिग्री आणि आर्द्रता ९० टक्के असली की २६ च्या खाली गार असलेल्या कशावरही पाणी धरतंच आणि सक्शनचा, म्हणजे गार गॅस बाहेरच्या युनिटकडे परत नेणारा जाड पाइप तर १० च्या आसपास असतो.

जुना फोम सोलून काढला, पाइप कोरडे पुसले आणि १९ एमएमची नायट्राइल रबराची नळी घातली, दोन्ही पाइपना वेगवेगळी, कारण स्प्लिटमध्ये बारीक पाइपही गारच असतो. चीर आणि जोड सोल्युशननेच चिकटवायचे, नुसत्या टेपवर भागत नाही, फटीतून दमट हवा शिरली की परत तेच. क्लॅम्पने रबर चेपलं तर तिथूनच थेंब सुरू. ड्रेन पाइपलापण नळी घातली, उतार नीट केला. बाहेरून उभा चिरलेला पीव्हीसी पाइप बसवला, उंदरांचा काय भरवसा. आता ठिबकणं बंद आहे. कुजलेला प्लाय तेवढा बदलायचाय, सुतार म्हणतो गणपती झाल्यावर बघू.