रस्त्याकडेच्या घराला तडे : बुजवण्याआधी काय बघावं

ट्रक गेला की मांडणीवरची भांडी किणकिणतात, आणि भिंतीवर तडा दिसला की त्याचं खापर ट्रकवर फुटतं. पण सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचा हादराही माणसाला कळतो. जर्मन मानकात सततच्या हादऱ्यांसाठी राहत्या घराची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर आहे, जुन्या नाजूक इमारतींची २.५. म्हणजे जाणवणारा प्रत्येक हादरा तडा पाडत नाही. खरा धोका पाया सैल भरावावर असेल किंवा शेजारची पाइपलाइन गळत असेल तेव्हा : हादऱ्यांनी माती दबत जाते आणि भिंत खचते.

म्हणून आधी तडा नीट बघा. गिलाव्यावरच्या जाळीदार बारीक भेगा सिमेंट आकसल्याच्या. बीम आणि विटांच्या सांध्यावरची सरळ भेग सांध्याचीच. खिडकीच्या कोपऱ्यातून पायरी-पायरीनं तिरपा जाणारा, एका टोकाला रुंद तडा मात्र पाया खचल्याची खूण. काळ्या मातीवरच्या घरात तडे उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. तिथे दोष मातीचा.

तडा हलतोय का, हे कळल्याशिवाय गवंडी बोलावू नका. तळहाताएवढा गिलावा काढून वीट उघडी करा. मायक्रोस्कोपची काचपट्टी तड्यावर आडवी ठेवून फक्त दोन टोकं अरल्डाइटनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. गिलाव्यावर चिकटवलीत तर सुटलेला गिलावाच हलतो आणि फसगत होते. काच तडकली तर हालचाल आहे. किती, ते मात्र काच सांगत नाही. त्यासाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि दर महिन्याला, सकाळी ठरल्या वेळी, मधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं (बारीक अंतर मोजायचं साधन) मोजा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तरी जाऊ द्या. तडा ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, दारं अडकू लागली असतील किंवा ओळंब्यात भिंत कललेली दिसली, तर वाट न पाहता स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

थांबलेला बारीक तडा छन्नीनं थोडा उघडून, धूळ झटकून, ॲक्रिलिक क्रॅक फिलरनं भरा. नुसती पुट्टी ठिसूळ असते, पुन्हा उकलते. रुंद तड्यासाठी दोन्ही बाजूंचा १५ सेंटिमीटर गिलावा काढा, विटा ओल्या करा, पॉलिमर घातलेला १:४ माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) दाबून भरा. पहिला थर मारून त्यावर कोंबडी जाळी ताणून ठोका, मग दुसरा थर. सात दिवस पाणी मारा. जाळी थेट विटेला टेकली तर तिच्यामागे पोकळी राहते. चुन्यात बांधलेल्या वाड्याला चुनाच वापरा. सिमेंट कडक राहतं, ओल कोंडते आणि पुढचा तडा शेजारच्या विटेतून जातो.

हादरा मुख्यतः चाक आदळल्यानं येतो : खड्डा, खचलेलं चेंबरचं झाकण, बेढब गतिरोधक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात गोलाकार गतिरोधकाचं माप वाहनाच्या दिशेनं ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असं होतं. तुमच्या गल्लीतला गतिरोधक टेप लावून मोजा, फोटो काढा. तड्याची तारीखवार नोंद जोडून, रस्ता ज्यांच्याकडे असेल त्या मनपा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाला अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. मागणी नेमकी लिहा : ‘चेंबर रस्त्याच्या पातळीला आणावे.’

तोवर रस्त्याकडच्या भिंतीलगतच्या माळ्यावरचं जड सामान उतरवा, कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या, आणि तडा गेलेल्या भिंतीजवळचा पाळणा किंवा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा.