आम्ल, अल्क, क्षार आणि धातू: परीक्षेआधीची तयारी

हा धडा तयार झाला असं कधी म्हणायचं, याची माझी कसोटी साधी आहे. कुणीही एखाद्या क्षाराचं नाव घ्यावं आणि तो कशापासून, कोणत्या पद्धतीनं बनवायचा हे तुम्हाला सांगता यावं. झिंक सल्फेट, सोडिअम नायट्रेट, लेड सल्फेट या तिघांची पद्धत वेगवेगळी आहे. ती का वेगळी, हे कळण्यात आम्ल, आम्लारी (आम्लाला उदासीन करणारे पदार्थ) आणि धातूंची अभिक्रियाशीलता सगळं येऊन जातं. समीकरणांची पानंच्या पानं घोकण्यापेक्षा हे बरं.

सगळ्यात आधी मूलकं (विद्युतप्रभार असलेले अणू किंवा अणुगट) आणि त्यांच्या संयुजा, म्हणजे संयोग करण्याच्या क्षमतेचे आकडे, पक्क्या करा. क्लोराइड, नायट्रेट आणि हायड्रॉक्साइडची 1, सल्फेट आणि कार्बोनेटची 2. सोडिअम, पोटॅशिअम, अमोनिअम, चांदीची 1, ॲल्युमिनिअमची 3, लोखंडाची 2 किंवा 3. हे डोळे मिटून येत नसेल तर समीकरणांना हात लावू नका, नुसता वेळ जाईल.

मग आम्लं. तीव्र-सौम्य आणि संहत-विरल या दोन जोड्या डोक्यात वेगळ्या ठेवा. ॲसेटिक आम्ल कितीही संहत असलं तरी सौम्यच, कारण त्याच्या रेणूंचं विचरण, म्हणजे पाण्यात आयनांमध्ये फुटणं, अगदी थोडं होतं. हायड्रोक्लोरिक आम्ल विरल केलं तरी तीव्रच राहतं. सामूचा (pH चा) एक अंक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात 10 पट फरक. म्हणजे सामू 3 असलेल्या द्रावणात सामू 5 असलेल्यापेक्षा ते 100 पट जास्त. दर्शकांचे (आम्ल की अल्क ते रंगावरून दाखवणाऱ्या पदार्थांचे) रंग पाठ असतातच, पण फिनॉल्फ्थॅलीन रंगहीन राहिलं म्हणून द्रावण आम्लच आहे असं लिहू नका. उदासीन द्रावणातही ते रंगहीनच असतं.

सगळे अल्क आम्लारी असतात, पण सगळे आम्लारी अल्क नसतात, कारण अल्क पाण्यात विरघळतात. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, अल्क नाही. हा मुद्दा पुढे क्षारांपाशी लागणार आहे.

आम्लाच्या चार अभिक्रिया यायला हव्यात: धातू, धातूचं ऑक्साइड, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट यांच्याशी. चारही वेळा क्षार मिळतो, फरक सोबत काय मिळतं यात. धातूबरोबर हायड्रोजन, ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडबरोबर पाणी, कार्बोनेटबरोबर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. नायट्रिक आम्ल मात्र बाजूला काढा. ते धातूंबरोबर सहसा हायड्रोजन देत नाही, नायट्रोजनची ऑक्साइडं देतं.

अभिक्रियाशीलता श्रेणी मात्र पाठच हवी: पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, झिंक, लोखंड, कथील, शिसं, मग तांबं, पारा, चांदी, सोनं. हायड्रोजनची जागा शिसं आणि तांबं यांच्यामध्ये. त्याच्या खालचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढत नाहीत. ॲल्युमिनिअम इतकं वर असूनही आम्लात सुरुवातीला काहीच अभिक्रिया करत नाही असं का दिसतं, हा आवडता प्रश्न आहे. उत्तर पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरात आहे. विस्थापनासाठी लोखंडी खिळा आणि कॉपर सल्फेट हा एक प्रयोग नीट पाहिलात तरी पुरे. खिळ्यावर लालसर तपकिरी थर चढतो, द्रावणाचा निळा रंग फिकट होत हिरवट होतो. तयार होतं ते फेरस सल्फेट, म्हणजे इथे लोखंडाची संयुजा 2.

आता क्षार, आणि इथे घाई नको. पहिला प्रश्न: हवा असलेला क्षार पाण्यात विरघळतो का? नायट्रेटं सगळी विरघळतात, सोडिअम, पोटॅशिअम, अमोनिअमचे नेहमीचे क्षारही. क्लोराइडांत चांदी आणि शिसं, सल्फेटांत बेरिअम आणि शिसं हे अपवाद. कार्बोनेटं बहुतेक अविद्राव्य. क्षार अविद्राव्य असेल तर दोन द्रावणं मिसळा, अवक्षेप गाळा, धुवा, वाळवा. लेड नायट्रेट आणि सोडिअम सल्फेट मिसळलं की लेड सल्फेट खाली बसतं.

विद्राव्य असेल तर दुसरा प्रश्न: सोडिअम, पोटॅशिअम किंवा अमोनिअमचा आहे का? असेल तर अनुमापन. अल्कही विरघळणारा, क्षारही विरघळणारा, म्हणजे जास्तीचं काही गाळून काढताच येत नाही. दर्शक घालून नेमकं आकारमान काढायचं आणि तेवढंच घेऊन दर्शकाशिवाय पुन्हा करायचं.

बाकीच्यांसाठी अविद्राव्य घन पदार्थ जास्त घ्यायचा. झिंक सल्फेटसाठी झिंक धातू चालतो. कॉपर सल्फेटसाठी तांबं विरल आम्लात चालत नाही, तिथे ऑक्साइड घ्यावं लागतं. कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात काळी पूड थोडी थोडी टाकत ढवळा. द्रावण निळं होत जातं आणि पूड तळाशी तशीच राहू लागली की आम्ल संपलं. गाळा, बाष्पनपात्रात आटवा, पण कोरडं होईपर्यंत नाही. काचकांडीवरच्या थेंबात गार होताना स्फटिक दिसले की थांबा. फार तापवलंत तर प्रत्येक कॉपर सल्फेटमागे असलेले पाण्याचे 5 रेणू उडून जातात आणि हाती पांढरी पूड येते.

प्रात्यक्षिकाच्या वहीत निरीक्षण आणि अनुमान वेगळं लिहा. ‘हायड्रोजन बाहेर पडला’ हे अनुमान. ‘बुडबुडे आले, पेटती काडी नेल्यावर फट् असा आवाज झाला’ हे निरीक्षण. कार्बन डायऑक्साइड सोडला की चुन्याची निवळी दुधाळ होते, आणि वायू बराच वेळ सोडत राहिलात तर पुन्हा स्वच्छ होते; तेही टिपून ठेवा. चष्मा लावा, पिपेट तोंडाने ओढू नका, आणि आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी नाही.